तांबोळ्याचं वावर

ताई, नमस्कार.

मी कळव्यात राहते. वय सत्तेचाळीस, ठाण्यात एका ऑफिसात हिशेबाचं काम करते. माहेर धाराशिव जिल्ह्यातलं, नळदुर्गपासून फार लांब नाही. वडील मागच्या दिवाळीत गेले. भाऊ गावी असतो. सगळ्यांसारखी त्यानंही कुणबी नोंद शोधायला घेतली होती. निजामाच्या काळातले उर्दू कागद पैसे देऊन वाचून घेतले. कुणबी नोंद मिळाली नाही, पण आमच्या सहा एकरावर आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, आधी एका तांबोळ्याचं नाव निघालं. त्या शेताला आम्ही पहिल्यापासून ‘तांबोळ्याचं वावर’ म्हणतो. मला वाटायचं, तिथं कधीतरी पानमळा असेल.

लातूरच्या आत्याला विचारलं. ती पंचाऐंशी वर्षांची आहे. आधी म्हणाली, आठवत नाही. मग फोन ठेवता ठेवता म्हणाली, “ॲक्शनच्या साली त्या विहिरीचं पाणी आपण पीत नव्हतो. वरीसभर.” त्यानंतर ती माझा फोन उचलत नाही.

आबांचा ताम्रपट भिंतीवर आहे. रझाकारांनी त्यांच्या थोरल्या भावाला चावडीपुढं मारलं, मग आबा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले, हे आम्हाला पाठ आहे. वावराचं कुणी कधी बोललं नाही. घरात तांब्याचा एक हंडा आहे, दिवाळीच्या पहिल्या आंघोळीचं पाणी त्यात तापायचं. गळ्याखाली टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं आहेत, मराठी नाहीत, कुणीतरी घासून बुजवलीत. तो हंडा आईनं मला दिला. आता तो माझ्या बाल्कनीत आहे.

भावाला वावर विकायचंय. म्हणतो, हक्कसोड कर नाहीतर हिस्सा घे, पण लवकर सांग. हिश्शात आमच्या फ्लॅटचं कर्ज फिटेल. मला वाटतं हक्कसोड करून टाकावी, नको तो पैसा. आई म्हणते, गाडलेली मढी उकरू नकोस. मिस्टर म्हणतात, तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस. वहिनीला गुरुजींनी पितृदोष सांगितलाय, त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करायचं ठरतंय. मुलगा सतरा वर्षांचा, त्यानं सरळ विचारलं, “पणजोबांनी माणसं मारली का?” आणि ऑफिसात शेजारच्या टेबलावर मुंब्र्याहून येणारी मैत्रीण आहे, आडनाव तांबोळीच. रोज एकत्र डबा खातो. दोन महिने मी तिच्या डोळ्याला डोळा देऊ शकलेले नाही. पितृपक्षात आबांचं पान वाढताना हात थरथरला. मी काय करू?

— कळव्याची एक वाचक

*

आधी हक्कसोडीचं सांगते, कारण भाऊ घाई करतोय. सही करू नका. निदान आत्ता नको.

हक्कसोडीनं तुमचा हिस्सा तांबोळ्यांकडे जात नाही, भावाकडे जातो. वावर तिथंच राहील, विकायचं असेल तर विकलं जाईल, फक्त त्या कागदावर तुमचं नाव नसेल. आपल्याकडे बहिणी हक्कसोड करतात ती माहेर तुटू नये म्हणून. तुम्ही करायला निघालात ती पाप फिटावं म्हणून. दोन्हीत लाभ एकाच माणसाचा, आणि त्या माणसाला तांबोळ्यांची फिकीर आहे असं तुमच्या पत्रावरून तरी दिसत नाही.

एक गंमत सांगते, तुम्ही हिशेबातल्या आहात म्हणून. २००५ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती झाली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीनं हक्क मिळाला, हे आता सगळ्यांना माहीत आहे. त्याच दुरुस्तीत आणखी एक कलम आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. बापाचं, आजाचं, पणजाचं कर्ज फेडणं हे मुलानातवाचं धर्मकर्तव्य, असा जुना नियम होता आणि कोर्टही तो मानायचं. पुढच्या कर्जांसाठी तो नियम त्या दुरुस्तीनं मोडीत काढला. म्हणजे ज्या कायद्यानं तुमच्या पदरात हिस्सा टाकला, त्यानंच सांगितलं की आजाचं देणं नातवंडांच्या डोक्यावर नाही. कायद्यानं हे बरंच केलं, सावकारांचं फावत होतं. पण आपली माणसं शेकडो वर्षं पितृऋण म्हणत आली ती नुसती श्राद्धाच्या जेवणासाठी नव्हे. वावर घ्यायचं आणि त्यावरचं देणं विसरायचं हे जमत नाही, एवढं त्यांना कळत होतं. तुमचा हात थरथरला तो तिथं.

तुमचे मिस्टर बरोबर बोलतात. तुम्ही जन्मला नव्हता, तुम्ही कुणाचं काही घेतलं नाही, तुम्ही दोषी नाही. हे मी पुन्हा पुन्हा लिहिणार नाही, कारण तुम्ही ते विचारलेलंच नाही. तुम्ही विचारताय की मला हे कळलंय, वस्तू माझ्या घरात आहे, आता मी काय करू. त्याला ‘तू जन्मली नव्हतीस’ हे उत्तर होत नाही.

भावाला सांगा, तीन महिने थांब, फेरफार काढू. तहसीलच्या अभिलेख कक्षातून त्या सर्व्हे नंबरचं १९५४-५५ चं खासरा पत्रक, म्हणजे तेव्हाची जमिनीची नोंद, आणि मालक बदलला तेव्हाच्या फेरफाराची नक्कल मागवा. आत्ता तुमच्याकडे दोनच गोष्टी आहेत: आधी तांबोळ्याचं नाव होतं, नंतर आबांचं. मधे काय झालं ते त्या नकलेत एका ओळीत असू शकतं. कदाचित खरेदीखत असेल, आणि किंमत बघितली की तुम्हालाच कळेल ती खरेदी होती की पडत्या माणसाकडून काढून घेतलेली सही. कदाचित आबा त्या शेतात आधीपासून कूळ असतील. हैदराबाद संस्थानाचा कूळ कायदा १९५० सालचा, त्यात संरक्षित कुळांना मालकीची वाट मिळाली, आणि तसं असेल तर गोष्ट बरीच वेगळी होते. ते कुटुंब पाकिस्तानात गेलं असेल तर जमीन निष्क्रांत मालमत्ता म्हणून कस्टोडियनकडे, म्हणजे अशा मालमत्ता सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, गेलेली असू शकते, आबांना ती सरकारकडून मिळालेली असू शकते. आणि कदाचित यातलं काहीच नसेल, नुसता ताबा असेल आणि तलाठ्यानं तो लिहून घेतला असेल. वकिलाला दाखवायचं ते नंतर. आधी तुम्ही वाचा.

आता ‘ॲक्शनच्या साली’ काय झालं ते मुलासाठी थोडं लिहिते, कारण त्याच्या पाठ्यपुस्तकात त्यातलं निम्मंच असतं. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं. सोलापूरच्या बाजूनं आलेल्या तुकडीनं पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतला. रणगाडे घेऊन केलेल्या या मोहिमेला नाव मात्र ‘पोलीस ॲक्शन’ दिलं. १७ तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवल्याचं जाहीर केलं. म्हणून तुमच्या भागात दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, आणि व्हायलाच हवं. त्याआधीचं वर्ष काय होतं हे तुमच्या घराला सांगायला नको. कासीम रझवी हा लातूरचा वकील, त्याच्या रझाकारांनी गावंच्या गावं लुटली, जाळली, माणसं मारली. आबांचा भाऊ त्यातच गेला.

आणि १७ तारखेनंतर? नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठवलं. नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांचं मंडळ संस्थानात फिरलं. कमीत कमी धरलं तरी पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज, आणि त्यात बहुतेक मुसलमान. सर्वांत वाईट चार जिल्ह्यांत त्यांनी उस्मानाबाद, म्हणजे तुमचा जिल्हा, घातला. बायकांनी विहिरीत उड्या घेतल्याचं, प्रेतांनी विहिरी भरल्याचं त्यात आहे. शेजारच्या मुसलमानाला जीव धोक्यात घालून वाचवणाऱ्या हिंदूंच्या हकिगतीही त्यातच आहेत, त्या विसरू नका, पुढं सांगते का ते. तो अहवाल सरकारनं छापला नाही. तुमच्या वडिलांच्या अख्ख्या तरुणपणात तो दप्तरातच होता. मग घरात कोण बोलणार?

मी हे बाहेरून सांगत नाही. माझं आजोळ सांगलीकडचं. गांधीजींच्या खुनानंतर, म्हणजे त्याच १९४८ साली, आजोळचा वाडा जाळला. ती गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली: कपाट कसं वाचवलं, गाय कशी सोडली, आजी कुणाच्या गोठ्यात लपली. चाळिशीत मामानं एकदा जेवताना सहज सांगितलं की वाडा जळायच्या आदल्या दिवशी त्याच वाड्यात साखर वाटली होती. तो म्हणाला आणि त्यानं भात मागितला. पुढं मी विचारायला हवं होतं की साखर कुणी वाटली, कुणी खाल्ली, कुणी नको म्हटलं. मी भात वाढला. मामा आता नाही.

म्हणून आत्या. तुमच्या पत्रात माझं मन त्यांच्यापाशी अडकलंय. ॲक्शनच्या साली त्या आठेक वर्षांच्या असतील. आठ वर्षांच्या पोरीला कुणीतरी सांगितलं असेल, त्या विहिरीवर जायचं नाही, आणि का ते सांगितलं नसेल. किंवा सांगायची गरजच पडली नसेल. तेव्हापासून त्या हे एकट्यानं धरून आहेत, आणि परवा एका वाक्यात त्यातलं थोडं तुमच्याकडे निसटलं. त्या फोन उचलत नाहीत त्या रागानं नव्हे, भीतीनं.

दान बार-ऑन नावाचे इस्रायली मानसशास्त्रज्ञ १९८५ पासून जर्मनीत जाऊन नाझींच्या मुलामुलींना भेटत होते. ज्यांनी ज्यूंना मारलं त्यांची मुलं. बार-ऑन यांना आढळलं की अशा घरांत भिंत एक नसते, दोन असतात. आईबाप आपल्या आठवणींभोवती एक बांधतात. मुलांना ती जाणवते आणि ती आपल्या बाजूनं दुसरी बांधतात, न विचारण्याची. पुढं कधी एका भिंतीत खिडकी उघडली तरी समोर दुसरी भिंतच दिसते. तुमच्या घरात आत्यांनी खिडकी जराशी उघडली तेव्हा तुम्ही काय केलंत ते पत्रात नाही, पण मला वाटतं तुम्ही लगेच विचारलं असेल, “म्हणजे आबांनी...?” मीही तेच विचारलं असतं. आणि खिडकी बंद झाली.

लातूरला जा. फोन नको. दोन दिवस काढून जा, रिकाम्या हातानं जाऊ नका, आणि पहिल्या दिवशी वावराचं नाव काढू नका. स्वयंपाकघरात त्यांच्याबरोबर बसा. काहीतरी निवडायला घ्या, हात चालू असले की तोंडं चालतात, समोरासमोर बघावं लागत नाही. आबांनी काय केलं हे विचारूच नका. त्या बापाची मुलगी आहेत, बापाविरुद्ध साक्ष द्यायला त्यांना कुणी सांगू नये, तुम्हीही नाही. विचारा, तांबोळ्याच्या घरी कोण कोण होतं. तुमच्या वयाची पोरगी होती का. तिचं नाव काय. ती काय खेळायची. ईदला तुमच्याकडे काय यायचं, दिवाळीला त्यांच्याकडे काय जायचं. ही उत्तरं त्यांना येतात आणि इतक्या वर्षांत ती त्यांना कुणी विचारलेली नाहीत. विहिरीपर्यंत त्या स्वतःच्या पायांनी आल्या तर आल्या. नाही आल्या तर ती नावं घेऊन परत या. मोबाईल रेकॉर्डिंगवर लपवून ठेवू नका, आणि रडल्या तर “जाऊ दे आत्या” म्हणून गप्प करू नका. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला रडू देत नाहीत, पाणी पाजून बंद करतात.

तुम्हाला नको ते ऐकायला मिळू शकतं, हे मनात धरून जा. आबा त्या रात्री तिथं होते, असंही. आणि आबा तिथं नव्हते, कुणी दुसऱ्यानं केलं, आबांना वावर नंतर मिळालं, असंही. आबांनी कुणाला लपवलं, असंही निघेल. सुंदरलालांना तशी माणसं भेटलीच की. कधी कधी एकाच माणसाच्या बाबतीत यातल्या दोन गोष्टी खऱ्या निघतात. ताम्रपट काढून ठेवायची घाई करू नका. भाऊ मेल्यावर ते कॅम्पात गेले हे खोटं ठरत नाही.

मुलाला मात्र आत्या भेटेपर्यंत ताटकळत ठेवू नका. सतरा वर्षांच्या मुलाला आईनं उत्तर टाळलं की तो फोनमध्ये शोधतो, आणि तिथं दर १७ सप्टेंबरला दोन्हीकडून तयार उत्तरं येतात. एकात फक्त रझाकार असतात, दुसऱ्यात फक्त सुंदरलाल. त्याला सांगा: “मला माहीत नाही. गावात त्या दिवसांत माणसं मारली गेली, आणि नंतर त्यांचं वावर आपल्याकडे आलं. कसं आलं ते मी शोधतेय.” एवढंच. वाटल्यास त्याला तहसीलला बरोबर न्या, अर्ज त्यालाच लिहू द्या. आणि यातलं काही सोशल मीडियावर टाकायचं नाही, हे दोघांनी ठरवा. ही गोष्ट अर्धी आहे आणि तिची दुसरी मालक मंडळी अजून यायची आहेत.

नारायण नागबळीबद्दल माझं मत विचारलेलं नाही, तरी सांगते. वहिनीला करायचा तर करू द्या, भांडू नका. तीन दिवसांचा विधी आहे. त्र्यंबकेश्वराहून तांबोळ्यांच्या घरी निरोप जात नाही, एवढं लक्षात असू द्या.

ऑफिसातल्या मैत्रिणीला काही सांगू नका. आडनाव सारखं आहे, बस्स. तांबोळी मराठवाड्यात गावोगाव आहेत. तिनं तुम्हाला माफ करावं म्हणून तिच्यासमोर रडलात तर त्या दिवशी डबा बाजूला ठेवून तिला तुमचे डोळे पुसावे लागतील. मुंब्र्यातली कितीतरी घरं ९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतून उठून आलेली आहेत. तिचंही त्यातलं असेल, नसेल. तिच्या घराच्या गोष्टी तिच्याकडे पुरेशा असतील, त्यात तुमची भर नको. दोन महिने तुम्ही तिच्याशी तुटक वागताय, तिला वाटत असेल आपलं काय चुकलं. उद्या तिच्या डब्यातलं काहीतरी मागून घ्या.

खरे तांबोळी सापडले तर? हैदराबादेत असतील, सोलापुरात असतील, गावातल्याच कुणाला पत्ता ठाऊक असेल. गावं विसरत नाहीत, बोलत नाहीत इतकंच. एकदम दारात जाऊ नका. गावच्या ओळखीच्या माणसाकडून विचारा, त्यांना यायचंय का, बोलायचंय का. नको म्हणाले तर तो त्यांचा हक्क. हो म्हणाले तर तुमच्याकडे देण्यासारखं काय असेल? फेरफाराची नक्कल, आत्यांनी सांगितलेली नावं, आणि तुमचा हिस्सा. पैशांबद्दल मी आज आकडा सांगणार नाही. पण वावर विकलं गेलंच तर तुमच्या वाट्याचे पैसे फ्लॅटच्या कर्जात घालू नका. वेगळ्या खात्यात वर्षभर पडू द्या. हप्ते भरताय तसे भरत राहा. दर महिन्याला ते खातं दिसेल आणि तुम्हाला त्रास होईल, तेवढा होऊ दे. मिस्टरांना हे पटणार नाही, त्यांच्याशी आधीच बोला.

आता हंडा.

आबांची शाळा निजामाच्या राज्यातली. शाळेत गेले असतील तर उर्दू शिकले असणार, शिक्षणाची आणि कचेरीची भाषा तीच होती. तुमच्या वडिलांना ती अक्षरं वाचता येत नव्हती, तुम्हाला येत नाहीत, मुलाला येणार नाहीत. त्या घरात ते नाव वाचू शकणारे बहुधा ते एकटेच होते, आणि दर नरकचतुर्दशीला पहाटे त्या हंड्यातलं पाणी काढून पोराबाळांच्या अंगावर घालत होते. घासलं कुणी, त्यांनी की आणखी कुणी, हे कळायला मार्ग नाही. पण घासून बुजवताना हंडा टाकला मात्र नाही, मोडीतही घातला नाही.

टिंबांनी ठोकलेलं नाव नुसतं घासून सहसा पूर्ण जात नाही, ठोक्याचा खोलगट खड्डा राहतो. चिंच आणि मीठ लावून काळेपणा काढा, काथ्या किंवा तारेची घासणी नको. रात्री बाल्कनीतला दिवा बंद करा, मोबाईलची बॅटरी हंड्याच्या अंगाला जवळजवळ टेकवून आडवी धरा, समोरून नाही, बाजूनं. टिंबांच्या सावल्या पडतील. मुलाला फोटो काढू द्या, चारही बाजूंनी दिवा फिरवत. माझ्या ओळखीचे एक निवृत्त उर्दू शिक्षक ठाण्यात राबोडीत राहतात, असली कामं ते चहावर करतात. फोटो मला सदराच्या पत्त्यावर पाठवा. काय लिहिलंय ते कळलं की मी तुम्हाला कळवीन, म्हणजे लातूरला जाताना निदान एक नाव तुमच्याजवळ असेल आणि आत्यांना ते आधी उच्चारावं लागणार नाही.